करप्यावर युरिया, गजकर्णावर मलम



गेल्या श्रावणात मुळशी तालुक्यातील रिहे गावी आमची बैठक होती. भाताची लावणी नुकतीच आटोपली होती. डोंगरमाथ्यावर ढग टेकलेले, खाचरे तुडुंब भरलेली आणि मंडळी ओल्या अंगानेच देवळाच्या सभामंडपात दाटीवाटीने बसलेली. विषय होता भातावरचा करपा. बियाण्याला बुरशीनाशक चोळावे, रोगट पेंढा बांधावर टाकू नये, युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावा, असे आमचे नेहमीचे सांगून झाले. "कुणाला काही विचारायचे आहे का?" असे म्हणताच मागच्या खांबाजवळून चाळिशीचा एक गडी उठला.

"सायेब, करप्याला जे बुरशीचं औषध मारतो, तेच गजकर्णाला लावलं तर चालंल का? बुरशी ती बुरशीच की!"

सारा सभामंडप हसला. मीही हसलो. पण तो हसत नव्हता. "आठ महिने झालं," तो म्हणाला, "रातच्याला झोप न्हाई. चार ट्यूबा संपल्या. लावलं की जातंय, सोडलं की दुप्पट येतंय." हे ऐकल्यावर हसणाऱ्यांतलेच दोघे-चौघे गप्प झाले आणि एकेक जण बाह्या वर करू लागला. एकाच्या दंडावर चट्टा, एकाच्या मानेवर, आणि एका आबांच्या कमरेला करगोट्याच्या रेघेने पुढून मागपर्यंत. हिंजवडीला पाळीवर जाणारी दोन पोरे होती, त्यांनी मात्र काही दाखवले नाही. नुसते विचारले, "जांघेत असंल तर?"

बैठक मोडली. चहाच्या कपबशा गोळा करण्याच्या निमित्ताने एक वहिनी मागे राहिल्या. इकडेतिकडे पाहून म्हणाल्या, "साहेब, परकराच्या नाडीखाली दीड वर्षापासून आहे माझ्या. घरात बोलले नव्हते. परवा कळलं, सुनेलाही झालंय. आम्ही दोघी एकमेकींना न सांगता एकाच ट्यूबमधलं लावत होतो."

मी शेतीचा पदवीधर आहे, डॉक्टर नव्हे. पण बुरशी हा माझ्या धंद्याचा विषय आहे, आणि ज्या गोष्टीला सगळे हसले तीच प्रत्येक घरात आहे असे दिसल्यावर गप्प बसवेना. पुण्याला परतल्यावर ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन बसलो, समजेपर्यंत विचारले, आणि आज या जागी खत-बियाण्याऐवजी गजकर्ण मांडतो आहे.

आधी रोगाची ओळख करून घेऊ. गजकर्ण, नायटा, दाद अशी नावे आपण घेतो. नायटा हा शब्द आपण इसबालाही वापरतो, म्हणून घोटाळा होतो. खरे गजकर्ण म्हणजे कातडीवर वाढणारी बुरशी. आपल्या कातडीचा सगळ्यांत वरचा थर मेलेला असतो. केस आणि नख हेही त्याच जातीच्या द्रव्याचे बनलेले. ही बुरशी तेवढेच खाते, खाली जिवंत मांसात शिरत नाही. म्हणूनच ती जीव घेत नाही, पण सुखाने जगूही देत नाही.

चट्टा गोल का होतो, ते आपल्या डोंगरावरचा वणवा पाहिलेल्याला लगेच कळेल. वणवा एका जागी पेटतो आणि चहूकडे सरकतो. मधले गवत जळून जाते, तिथली आग विझते, धग राहते ती कडेला. गजकर्णाचेही तसेच आहे. मधली कातडी बरी झाल्यासारखी दिसते आणि कडेला लाल, खवलेदार, खाजरी कंगोरी सरकत राहते. जिवंत बुरशी त्या कडेला आणि कडेच्या जरा बाहेर असते. आपण मात्र औषध चोळतो मधोमध.

ही बुरशी आहे हे माणसाला फार पूर्वी कळले. १८३५ साली इटलीत आगोस्तिनो बास्सी या गृहस्थाने रेशमाच्या किड्यांचा एक रोग बुरशीमुळे होतो असे दाखवले, आणि लगेच १८३९ साली शोनलाईन या जर्मन वैद्याने माणसाच्या डोक्यावरच्या खवड्यात बुरशी पाहिली. क्षयाचा जंतू सापडला तो १८८२ साली. म्हणजे क्षयाचे कारण कळण्याच्या चाळीस वर्षे आधी खवड्याचे कारण ठाऊक होते, आणि त्याची वाटही एका शेतीउद्योगातूनच निघाली होती.

आता त्या गड्याच्या प्रश्नाकडे येऊ. बुरशी ती बुरशीच, हे त्याचे म्हणणे मुळात चूक नाही. ग्रिसिओफुल्विन नावाचे औषध घ्या. ते १९३९ साली इंग्लंडात एका बुरशीपासूनच मिळाले. पुढे त्याचा उपयोग पाहिला गेला तो आधी पिकांवरच्या बुरशीसाठी. १९५८ साली ग्लासगोच्या जेंटल्स या संशोधकाने गिनीपिग या प्राण्यांना ते पोटातून देऊन त्यांचे गजकर्ण बरे केले, आणि मग ते माणसांना मिळू लागले. शेतातून दवाखान्यात गेलेले औषध आहे ते.

इतके लांबही जायला नको. रिह्याहून फार दूर नसलेल्या पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान ॲन्टिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. तिथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे शास्त्रज्ञ होते. ते मुळात वनस्पतींच्या रोगांचे आणि बुरशीचे अभ्यासक, म्हणजे आमच्याच पंथातले. त्यांच्या हाताखाली मातीतल्या सूक्ष्मजीवांपासून दोन औषधे निघाली. हमायसिन हे माणसाच्या बुरशीवरचे आणि ऑरिओफंजिन हे पिकाच्या बुरशीवरचे. हमायसिन ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव गोवलेले आहे. एकाच छपराखाली एक औषध दवाखान्याकडे गेले आणि दुसरे बांधाकडे. आजही पिकावर मारायची काही बुरशीनाशके आणि डॉक्टर देतात त्या काही गोळ्या एकाच रासायनिक कुळातल्या आहेत.

पण कूळ एक म्हणून घर एक होत नाही. पिकाचे औषध म्हणजे नुसता मूळ घटक नसतो. ते पाण्यात मिसळावे, पानाला चिकटावे म्हणून त्यात द्रावके आणि इतर रसायने घातलेली असतात. ती कातडी भाजतात आणि आतही उतरतात. तळहाताची कातडी जाड असते. जांघेची कातडी त्याच्या कितीतरी पट अधिक शोषून घेते, आणि खाजवून सोलली असेल तर विचारूच नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. नुसत्या अंगावर उडालेल्या तुषारांनी आणि श्वासावाटे गेलेल्या औषधाने माणूस जातो, आणि आपण ते हाताने जांघेत चोळायचे? फवारणीचे कोणतेही औषध, कितीही थोडे, कितीही पाणी घालून, अंगाला लावू नका. रॉकेल, बॅटरीचे पाणी, चुना हेही तसेच.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे वळतो. त्या गड्याने चार ट्यूबा संपवल्या होत्या. मी त्याला त्यांतली एक घरून आणायला सांगितली आणि चष्मा लावून बारीक अक्षरे वाचली. त्यात तीन औषधे होती. एक बुरशीचे, एक जंतूंचे आणि तिसरे स्टिरॉइड. हे तिसरे सगळा घात करते.

स्टिरॉइड वाईट औषध आहे असे नव्हे. दमा, इसब, सांध्याचे काही आजार यांत डॉक्टर ते मोजूनमापून देतात आणि माणसे बरी होतात. पण ते बुरशी मारत नाही. ते कातडीचा दाह, म्हणजे लाली आणि खाज, दाबून टाकते. ही लाली आणि खाज म्हणजे शरीर बुरशीशी करत असलेली झुंज असते. झुंजणाऱ्याचे हात बांधले की गलका थांबतो आणि माणसाला वाटते भांडण मिटले. दोन दिवसांत आराम पडतो. इकडे बुरशी बिनघोर पसरते.

आपल्या भाषेत सांगायचे तर हे करपा पडलेल्या भाताला युरिया टाकण्यासारखे आहे. युरिया टाकला की चार दिवस खाचर कसे हिरवेगार दिसते! शेजारी म्हणतो, वा, सुधारले की. पण जादा नत्राने पान लुसलुशीत होते आणि करप्याला आयतेच फावते. पंधरा दिवसांनी जाऊन पाहावे तर लोंबीच्या मानेपर्यंत पोचलेला असतो. बैठकीत हे सांगितले तेव्हा तो गडी मान हलवून म्हणाला, "म्हंजे मी आठ म्हैने युरिया टाकतोय जांघंला."

अगदी तसेच. त्यातही भाताला टाकलेला युरिया पुढच्या हंगामात विसरता येतो, कातडीचे तसे नाही. महिनोन् महिने स्टिरॉइड लावले की कातडी पातळ होते. जांघेत, काखेत, स्तनांखाली बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे ताणाचे पट्टे उमटतात आणि ते पुन्हा जात नाहीत. चेहऱ्यावर लावले तर लाली, पुरळ आणि नको तिथे लव. शिवाय चट्ट्याची गोल कंगोरी पुसली जाते, त्यामुळे पुढे डॉक्टरला दाखवले तरी हा रोग कोणता हे त्यालाही पटकन ओळखू येत नाही.

लोकांना सांगतो आहे खरे, पण मीही हे केले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पावसाळाभर गमबूट घालून हिंडत होतो आणि घोट्यावर चट्टा उठला. एका दुकानातून ट्यूब आणली, दोन दिवसांत खाज बंद झाली, आणि बी.एस्सी. झालेल्या माणसाने आतला कागद उघडूनही पाहिला नाही. खताच्या गोणीवरचे नत्र-स्फुरद-पालाशचे आकडे शेतकऱ्याला वाचायला लावणारा मी! चट्टा गुडघ्यापर्यंत चढला तेव्हा अक्कल आली.

म्हणून ट्यूब घेताना नाव काय, रंग कोणता, शेजाऱ्याला कोणती लागू पडली, यावर जाऊ नका. घटक वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले की ते स्टिरॉइड समजावे. अक्षरे इंग्रजीत आणि बारीक असतात, तेव्हा शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. २०१८ साली केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, आणि त्याच साली अनेक मिश्रणांवर बंदीही घातली. तरी मागितली की मिळते, हे तुम्हाला आणि मलाही ठाऊक आहे. दुकानदाराला दोष देऊन भागत नाही. आपणही दुकानाच्या फळीशी उभे राहून "ती भारीतली द्या, लगेच आराम पडणारी" असेच मागतो ना?

याचा परिणाम काय झाला पाहा. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात गजकर्णाची तऱ्हाच बदलली. पूर्वी पावसाळ्यात यायचे आणि दिवाळीच्या थंडीत निघून जायचे. आता बारमाही झाले आहे. एकाला झाले की घरातल्या सगळ्यांना होते, आणि पूर्वी हमखास लागू पडणारी टर्बिनाफिनची गोळी पुष्कळांना लागू पडत नाही. ज्या बुरशीमुळे हे होते तिची वेगळी ओळख पटवून २०२० साली जपानी संशोधकांनी तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. त्यातला "इंडो" म्हणजे आपला हिंदुस्थान. आता ती युरोप-अमेरिकेतही पोचली आहे. मुळशीच्या आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळाले त्याचा आम्हाला कोण आनंद! पण या बुरशीला देशाचे नाव मिळाले ते ऐकून मान खाली जाते.

औषध लागू का पडत नाही, हे शेतकऱ्याला समजवावे लागू नये. एकच बुरशीनाशक वर्षानुवर्षे, तेही अर्ध्या मात्रेत मारत राहिले तर काय होते? जी चिवट असते ती उरते आणि तिचीच प्रजा वाढते. अंगावरही आपण तेच करतो. खाज थांबली की ट्यूब कोनाड्यात, खाज आली की पुन्हा दोन दिवस. गोळ्या आणल्या पंधरा, खाल्ल्या पाच.

मग करायचे काय? चट्टा लहान आणि एकच असेल तर डॉक्टरच्या सल्ल्याने निव्वळ बुरशीचे, स्टिरॉइड नसलेले मलम पुरते. ते दिवसातून सांगितले तितक्या वेळा, कातडी धुऊन पूर्ण कोरडी करून, आधी कडेच्या बाहेर बोटभर रुंदीपर्यंत आणि मग आत, असे लावावे. चट्टा दिसेनासा झाल्यावरही पुढे दोन आठवडे चालू ठेवावे. हे दोन आठवडे चुकले म्हणून निम्म्या लोकांचे गजकर्ण उलटते, असे ते त्वचारोगतज्ज्ञ मला म्हणाले. चट्टे पुष्कळ असतील, जांघेत किंवा कमरेला पसरले असतील, केसांत वा नखांत असेल, किंवा आधी स्टिरॉइड लावून झाले असेल, तर पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. त्या दीड-दोन महिनेही चालतात, कधी अधिक. या गोळ्या दुकानातून मनाने आणू नका. यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल, दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू असतील, बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर डॉक्टरला आधी सांगायला हवे. गजकर्ण पुन्हापुन्हा येत असेल तर रक्तातली साखरही एकदा तपासून घ्यावी. जवळचे आरोग्य केंद्र आहे, पौडला ग्रामीण रुग्णालय आहे, आणि फारच चिघळले तर पुण्यात ससून आहे. तिथे कातडीचा भुगा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुखत नाही.

आणि औषध एकट्याने घ्यायचे नाही. शेजारच्या खाचरात रोग ठेवून आपल्यापुरती फवारणी करणाऱ्याचे काय होते? घरात ज्याला ज्याला आहे त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार सुरू करावे. यासाठी आधी एकमेकांना सांगावे लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

भगिनींनो, हे तुमच्यासाठी. लावणीच्या दिवसांत तुम्ही सकाळपासून ओल्या लुगड्यात, कमरेत वाकून असता. पूर्वी डोक्यावर इरले असायचे, आत वारा तरी खेळायचा. आता प्लास्टिकचा कागद, म्हणजे बाहेरून पाऊस आणि आतून घाम. नाडीखाली, स्तनांखाली, जांघेत कातडी दिवसभर भिजून राहिली की बुरशीला आणखी काय हवे? यात कसलाही कमीपणा नाही, बाहेरख्यालीचा तर संबंधच नाही. पुरुष डॉक्टरला दाखवायचा संकोच वाटत असेल तर आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना किंवा गावातल्या आशाताईंना आधी सांगा. सासू-सुनांनी, माय-लेकींनी एकमेकींना विचारा. रिह्याच्या त्या वहिनींनी दीड वर्ष कुढण्यात घालवले आणि सूनही तेच करत होती, हे मला राहून राहून आठवते.

कपड्यांचे सांगायचे तर मुळशीच्या पावसात ते वाळवणे हेच मोठे संकट. दोरीवर चार दिवस टांगूनही कुबट वास जात नाही. निदान आतले कपडे आणि टॉवेल तरी कढत पाण्यात भिजवून धुवावे, उलटे करून वाळत घालावे, चुलीच्या उबेला कोरडे करावे आणि जमल्यास इस्त्री फिरवावी. टॉवेल, पंचा, साबण, कंगवा, अंथरूण ज्याचे त्याचे वेगळे असावे. ओला करगोटा आणि मनगटाचे ओले दोरे महिनोन् महिने अंगावर ठेवू नयेत. देवाचा दोरा असेल तर तो उतरवून देवापुढे ठेवा, देव रागावणार नाही. आणि हिंजवडीच्या पोरांनो, ती अंगाला चिकटलेली जाड जीनची विजार बारा तास घालून बसता, पावसात भिजली तरी तशीच. घरी आल्यावर ती काढा आणि सुती, सैल काहीतरी घाला. तुमच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

चिखल्यांचे दुखणे वेगळे आणि जुने. चिखलणीपासून लावणीपर्यंत पाय पाण्यात, मग बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलते, चिरा पडतात, मीठ लागल्यासारखी आग होते. सुरुवात पाण्याने होते, मग बुरशी आणि जंतू शिरतात. रात्री पाय धुऊन फडक्याने एकेक बेचके कोरडे करणे हे इथे निम्मे औषध. त्याला दोन मिनिटे लागतात, पण दमलेला माणूस तेच टाळतो. बायका मेंदी लावतात, लावोत. पाय सुजला, ताप आला, लाल रेघ वर चढू लागली किंवा माणूस मधुमेही असेल तर मात्र मेंदीवर थांबू नये. पायाची नखे जाड, पिवळी, ठिसूळ झाली असतील तर तीही बुरशीच असण्याचा संभव आहे, आणि तिथून ती पुन्हा जांघेत येते.

आता गोठ्यात चला. वासराच्या डोळ्याभोवती, मानेवर, कानाशी राखाडी, खरबरीत, राख थापल्यासारखे गोल चट्टे दिसले तर ते गुरांचे गजकर्ण समजा. पावसाळा-हिवाळ्यात कोंदट गोठ्यातल्या वासरांना ते फार होते. बहुतेक वासरे दोन-चार महिन्यांत आपोआप बरी होतात, म्हणून आपण लक्ष देत नाही. पण धार काढणाऱ्याच्या हाताला आणि वासराच्या गळ्यात पडणाऱ्या पोरांना ते लागते, आणि माणसात ते फार चिडते, पू धरते. घरात कुणाला हातावर किंवा डोक्यात अचानक असा चट्टा उठला तर डॉक्टरला "घरी वासराला आहे" हे जरूर सांगा. रोगी वासरू वेगळे बांधा, उन्हात फिरवा, पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध आणा. त्याचा खरारा आणि दावे दुसऱ्याला वापरू नका. ही बुरशी मेखेच्या लाकडात आणि दाव्यात महिनोन् महिने टिकून राहते, म्हणून गोठा झाडून, मेखा घासून चुन्याने रंगवा.

लहान मुलांच्या डोक्यात कोंडा धरून, केस मुळाशी तुटून, खुंट राहिल्यासारखा चट्टा पडला तर ती बुरशी असू शकते. त्याला वरचे मलम पुरत नाही, पोटातूनच औषध द्यावे लागते. हयगय केली आणि पू झाला तर तिथले केस कायमचे जातात. कातडी अगदी गुळगुळीत, चकचकीत असेल तर ती चाई, तिचे कारण निराळे. छाती-पाठीवर फिकट किंवा तपकिरी, बारीक कोंड्याचे ठिपके म्हणजे शिबे. ही बुरशी सर्वांच्याच अंगावर असते, घामाने वाढते, एकमेकांना लागत नाही. औषधाने मरते, पण रंग परतायला काही महिने लागतात, तोवर औषध फुकट गेले असे समजू नये. मात्र फिकट चट्ट्यावर टोचलेले कळत नसेल, जागा बधिर असेल, तर ती बुरशी नव्हे. कुष्ठरोगाची शंका घेऊन लगेच आरोग्य केंद्रात जावे. उपचार मोफत आहेत आणि वेळेवर घेतले तर रोग पूर्ण बरा होतो.

एक आबा म्हणाले, "आमच्या येळंला टाकळ्याचं बी ताकात वाटून लावायचे." खरे आहे. पहिल्या पावसात आपण ज्याची भाजी करतो तो टाकळा. संस्कृतात त्याला दद्रुघ्न, म्हणजे दाद मारणारा, असेच नाव आहे. त्याच्या बियांत क्रायसोफॅनॉल नावाचे द्रव्य असते. त्याच्याच जवळच्या नात्यातले द्रव्य असलेली "गोवा पावडर" ही पूर्वी गजकर्णावरचे नामांकित औषध होती. नाव गोव्याचे, पण ती यायची ब्राझीलमधल्या झाडापासून, पोर्तुगिजांच्या मार्गाने. गजकर्णाला लागू पडायची, पण कातडी भाजायची आणि कपड्यांना न जाणारे डाग पडायचे, म्हणून ती मागे पडली. टाकळ्याला मी नावे ठेवत नाही. पण आजची बुरशी आबांच्या काळची राहिलेली नाही. टाकळ्याची भाजी खा आणि अंगाला डॉक्टरचे औषध लावा.

भात कापणीच्या दिवसांत पुन्हा रिह्याला जाणे झाले. वहिनी आणि सून दोघी मिळून पौडला जाऊन आल्या होत्या. दोन महिने गोळ्या झाल्या, खाज गेली, काळपट डाग आहेत ते हळूहळू जातील. ताणाचे पट्टे राहणार, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले. तो गडी खळ्यावर भात झोडत होता. त्याची बायको आणि दोन्ही पोरे औषधावर होती, आणि त्याचे स्वतःचे शेवटचे दोन आठवडे चालू होते.

"करप्याची फवारणी केली का मग?" मी विचारले.

"भाताला केली," तो म्हणाला, "मला न्हाई."